मायचा घसा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. प्रार्थनेला गुडघे टेकले की ओठांपर्यंत येतं — आणि परत जातं.

बाप गेला तेव्हा मी चार वर्षांची. सिंदी रेल्वे या आमच्या गावात माय लोकांच्या लग्नात गंज घासायला जायची — स्वयंपाकाची मोठाली भांडी — आणि उरलेलं, कधी पत्रावळीवर टाकलेलंही, डब्यात भरून आणायची. त्यावर मी वाढले. त्याची लाज नाही. आज नाही. तेव्हा होती.

कारण माय ते चर्चमध्ये उभी राहून सांगायची! उपकारस्तुतीच्या प्रत्येक उपासनेत साक्ष द्यायला तिचं नाव असायचंच. डोक्यावर पदर, आवाज खणखणीत. "पत्रावळीवरचं वेचलं, पण देवानं माह्या पोरीले उपाशी झोपू देल्लं नाई." बायका डोळे पुसायच्या. मागच्या बाकावरच्या पोरी मला कोपरानं ढोसायच्या — "काय वं, काल कोणाच्या लग्नातलं जेवली?"

मग मी बी.ए. झाले. त्याचीच उपकारस्तुती ठेवली. वर्ध्याहून कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आल्या. माझं घर खाऊनपिऊन सुखी आहे, असं त्यांना वाटत होतं. मी वाटू दिलं होतं.

उपासनेआधी मी पाळकांना, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, गाठलं. म्हटलं — मायचा घसा बसलाय, तिला आज साक्षीला उठवू नका.

माय नवं लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसलेली. दर नावाला जरा पुढे सरकायची, पदर सारखा करायची. शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा तिनं वळून माझ्याकडे पाहिलं — पाळक विसरले की काय? मी गीताच्या पुस्तकात डोकं घातलं.

दारात पाळकांनी विचारलं, "कसा आहे बाई घसा?"

माय थांबली. माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं — कसं नाही कळणार? मग चर्चच्या पायरीवर उभी राहून ती खोटं खोटं खोकली. हळूच म्हणाली, "बसला आहे, साहेब."

देवाच्या दारात. माझ्यासाठी.

मैत्रिणी गेल्यावर रस्त्यानं एवढंच बोलली, "पत्रावळीचं नव्हती सांगणार वं आज. तू बी.ए. झाली, थेच सांगणार होती."

त्यानंतर तिनं कधी साक्ष दिली नाही. कुणी आग्रह केला की गळ्याला हात लावायची. माझं खोटं तिनं मरेपर्यंत सांभाळलं. मातीच्या दिवशी लोक हळहळले — काय आवाज होता, घशानं घात केला. मी मान हलवली. हो म्हटलं!

दर रविवारी मी मंडळीतल्या मुलांना शिकवते. पाचवी आज्ञा, आईबापाचा मान राखायची, त्यांच्याकडून पाठ करून घेते. माझा आवाज खणखणीत आहे. मायवर गेलाय.

तिला सांगायचं होतं ते मी इथे लिहिते. मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिली.