जोतीराम टेलरची जागेची पारख

शिवाजी पेठेत जोतीराम टेलरएवढा चिकित्सक माणूस आमच्या तरी बघण्यात नव्हता. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. एका भाड्याच्या खोलीत बायको झुंबरबाई, पोरं आणि शिलाई मशीन असा त्याचा संसार. घरमालक आण्णांनी एक दिवस तोंडावर सांगितलं, "जोतीराम, मार्गशीर्षात पोराचं लगीन हाय. दिवाळीपतूर खोली मोकळी कर."

मग काय, गडी घरासाठी जागा शोधायला लागला. दर रविवारी टोपी चढवायची, सायकल काढायची आणि शहराबाहेर तुकडा विकणारा शेतकरी गाठायचा. आता आपल्याकडं रानात आलेला पावणा उपाशी धाडला तर घराण्याला बट्टा लागतो. जागा दाखवायच्या आधीच कोंबडं कापलं जायचं. जोतीराम बांधावरनं डुलत फिरायचा, चिमटीत माती धरून हुंगायचा आणि मग तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करायचा. मिशा पुसून झाल्यावरच त्याच्या नजरेला धार यायची.

"जागा व्याघ्रमुखी हाय, पावणं. तोंडाला रुंद, मागं निमुळती. लाभायची न्हाय."

दुसऱ्या ठिकाणी दक्षिणेला उतार निघाला. एका ठिकाणी पांढरा रस्सा पातळ होता, तर तिथली भूमीच निःसत्त्व निघाली!

दसरा झाला. आण्णा रंगाऱ्याला घेऊन खोलीच्या भिंती दाखवून गेले. झुंबरबाईला एकच घोर. पोरं घेऊन जायचं कुठं? त्यातच एका दुपारी नवरा गुपचूप स्वतःचीच विजार उसवताना तिला दिसला. जागेसाठी उन्हातान्हात वणवण करणाऱ्या माणसाला कंबर वाढवून घ्यावी लागत होती!

पुढच्या रविवारी ती नवऱ्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसली. फुलेवाडीच्या अंगाला गुंडू पाटलाचं रान होतं. लांबनं बघूनच पाटील घराकडं तोंड करून ओरडला, "अगं, पावणं आल्यात! कोंबडं धरा!"

"दादा, कोंबडं ऱ्हाऊ द्या," झुंबरबाई म्हणाली. "हिरीला पाणी हाय का?"

"बारमाई."

"वाट?"

"बैलगाडी दारात येती की."

"मग जागा पसंत हाय. दिवाळीपतूर पत्र्याचं खोपाट उभं ऱ्हाईल. इसार आत्ताच घ्या."

जोतीराम कासावीस झाला. "अगं, पर जरा पारखून..."

"पारखा की! खोट असली तर जेवायच्या आदी सांगा."

जोतीरामानं चारी दिशा बघितल्या. वाकून मातीसुद्धा हुंगली. पण उपाशीपोटी त्याला एक खोट सापडेल तर शपथ!

इसार पाटलाच्या हातावर पडला, तसा झुंबरबाईनं पदर खोचला. "आता धरा कोंबडं," ती म्हणाली.

पानं मांडली. जोतीरामानं पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"तिखट झालं काय वो पावणं?" पाटलानं विचारलं.

"न्हाय वो दादा," झुंबरबाई भाकरी मोडत म्हणाली, "त्यांचं रविवार संपलं."