म्हादबांचे तीन मुक्काम

मशीनचा टकटक आवाज सुरू झाला आणि म्हादबांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"करंट देऊन राह्यल्या का, ताई?"

"नाही हो बाबा. शॉक वेव्ह हे नुसतं नाव. दाबाचे बारीक ठोके आहेत, दुखतं तिथं द्यायचे. आठवड्याला एकदा, पाच वेळा."

मी जालन्यात एका हाडांच्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. म्हादबा जाफराबादकडचे, पासष्टीचे. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजली होती.

"दिवाळी झाली की पोरगं कळप घेऊन लांब चारायला निघतंय. मलाबी जायचंय," ते म्हणाले. "गेल्या साली घरीच राह्यलो. मेंढरांचं वाडगं रिकामं, तरी रोज सकाळी तिथं जाऊन उभा राह्यचो."

"जाल की," मी म्हणून गेले.

क्लिनिकच्या डॉक्टर सरांनी ते ऐकलं. नंतर मला केबिनमध्ये बोलावलं. "कूर्चा परत येत नाही. पेन कमी होईल, तेही सगळ्यांचं होत नाही. प्रॉमिस कशाला करतेस?"

पण म्हादबांचं पेन कमी झालं. दहापैकी आठ होतं, पाचव्या सेशनला तीन. व्यायामही ते न चुकता करत. कॉरिडॉरमध्ये काठी न घेता चार फेऱ्या मारल्या. मी खूश. ते तर दिवाळीची वाट बघायलाच लागले.

थंडीत एक दिवस ते एकटेच एसटीने आले.

"तीन मुक्काम चाललो. गुडघ्यानं बराबर साथ दिली."

"मग परत का आलात?"

"बसलं की उठता येईना. रानात जेवायचं भुईवर, झोपायचं भुईवर. पोरगं बगलेत धरून उठवायचं. चौथ्या दिवशी कोकरू काट्यात अडकलं. सोडवायला बसलो अन् बसूनच राह्यलो. पोरगं मला उठवायला आलं, तवर मेंढरं लोकाच्या हरभऱ्यात. मंग मीच म्हणलं, मला यष्टीत बसव."

मी त्यांना फरशीवर चालवून पाहिलं होतं. खाली बसवून एकदाही पाहिलं नव्हतं.

"आता रोज सांच्याला फोन लावतो," ते म्हणाले. "पोराला सांगतो, तू बोलू नको, फोन मेंढरांकडं धर."

त्या दिवशी मशीन लावलं नाही. मॅट अंथरली. एक गुडघा टेकवून, स्टूलला धरून उठायचं शिकवायला घेतलं. महिनाभराने ते काठीच्या आधाराने उठायला लागले. प्रत्येक वेळी नाही. कळप तोवर लांब निघून गेला होता, आणि मुलगा म्हणाला होता, आता पावसाळ्यातच येतो.

आता नवीन पेशंट आला की केसपेपरवर मी आधी एक ओळ लिहिते: या माणसाला कुठे जायचंय, आणि तिथे बसायला काय आहे. मशीनचं त्यानंतर बघते.