अकरा माणसांची गाडी

सकाळी सहा बावन्नला मोजणीबाईंनी सगळ्यांत लांबच्या गावाच्या थांब्यावर तक्त्यात पहिली रेघ मारली. गाडी शहराच्या हद्दीवर पोचली तेव्हा रेघा अकरा झाल्या होत्या.

नगररचना कार्यालयात त्यांची एकोणीस वर्षं गेली. आधी ट्रेसिंगच्या कागदावर शाईनं रस्ते काढले, मग संगणकावर. दोन्हीकडे नकाशा हद्दीपाशी संपायचा आणि पुढे नुसतं पांढरं. "जेवायला बसलो तरी ही आधी ताटं मोजते," असं नवरा पाहुण्यांना सांगायचा. बाई हसायच्या नाहीत, कारण त्या खरंच मोजायच्या.

यंदा त्या पांढऱ्या भागातलं काम पहिल्यांदा हाती आलं. बाहेरच्या वळणरस्त्यावर बदलथांबा होणार होता: गावांच्या कमी भरलेल्या गाड्या तिथेच थांबतील, माणसं उतरून शहराच्या गाडीत बसतील. आराखडा बाईंचाच. पंधरापेक्षा कमी माणसांची गाडी शहरात सोडायची नाही, हा नियमही त्यांनीच सुचवलेला. सात गाड्या मोजायच्या होत्या. सहा त्यांनी नाक्यावर उभं राहून, दारातून डोकावून मोजल्या. सातवी मात्र रोज उशिरा यायची, म्हणून आज त्या आत बसून आल्या. अहवाल संध्याकाळी पाचला द्यायचा होता. अकरा म्हणजे गाडी बदलथांब्यावरच तोडायची, इतकं ते सरळ होतं. तरी बाई सारख्या घड्याळ बघत होत्या. अकरा माणसांना एवढा वेळ लागतोच कसा?

हद्दीनंतरच्या थांब्यावर गाडी पुन्हा दोन मिनिटं उभी राहिली.

"मास्तर, इथे तर कोणी चढलं नाही."

"चढलं की." वाहकानं खिडकीतून घेतलेलं पुडकं ड्रायव्हरमागच्या जाळीत ठेवलं. "हे चढलं. प्रश्न विचारत नाही, म्हणून तुमच्या नजरेत आलं नाही."

बाई उठून जाळीपाशी गेल्या. कापडात बांधलेले जेवणाचे डबे, पाकिटात घातलेला चष्मा, दुरुस्तीला निघालेला पंपाचा भाग, दवाखान्याची बर्फाची पेटी. प्रत्येकावर नाव आणि उतरायचा थांबा लिहिलेला. चौतीस नग.

"पेटीत काय?"

"रक्त. आमच्याकडं तपासायची सोय नाही. संध्याकाळी रिपोर्ट याच गाडीनं परत."

"मग बदलथांब्यावर ते दुसऱ्या गाडीत..." बाई अडखळल्या.

"बोला ना! पेटी खाली उतरेल, बोर्ड वाचेल, रांगेत उभी राहील!" ड्रायव्हर आरशातून बघत खो खो हसला.

शहरातल्या शेवटच्या थांब्यावर माणसं आधीच वाट बघत होती. पांढऱ्या कोटातल्या मुलीनं पेटी उचलली आणि चार मिनिटं उशीर झाला म्हणून वाहकालाच झापलं. नऊ मिनिटांत जाळी रिकामी झाली. बाई तक्ता छातीशी धरून तिथेच उभ्या राहिल्या. बाकीच्या सहा गाड्यांच्या जाळ्या त्यांनी पाहिल्याच नव्हत्या.

दुपारी साहेबांनी तक्ता उलटसुलट करून पाहिला. "बाई, सामानाचा रकाना कुठून आला?"

"मी आखला."

"आराखडा तुमचा, नियम तुमचा, आणि आता खोडाही तुम्हीच घालणार?"

"चूक माझीच आहे, साहेब. माणसांसाठी बाकं आखली, छप्पर आखलं. या हातातून त्या हातात जाणाऱ्या सामानाचा विचारच केला नाही."

"एका गाडीतल्या डब्यांवर मी नियम बदलत नसतो. बाकीच्या सहांत काय असतं?"

"माहीत नाही."

"मग सही करा."

बाईंनी पेनाचं टोपण उघडलं, लावलं, परत उघडलं. सही केली नाही. पाच वाजून गेले. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "उद्या बाकीच्या सहाही गाड्या आतून मोजून आणा. नाहीतर परवा तुमच्याशिवाय जाईल अहवाल."

एका माणसानं एका सकाळी सहा गाड्यांत बसणं शक्य नव्हतं. बाईंनी जिन्यातूनच, सकाळी नंबर घेतलेल्या वाहकाला फोन लावला.

"सहा मास्तरांना सांगतो जाळी मोजायला," तो म्हणाला, "पण रेघा-बिघा मारणार नाहीत ते. तोंडी आकडा सांगतील."

"तोंडी नको. लिहून, खाली सही."

"बाई, तुमच्या घरचे कसे हो राहतात?"

घरी त्यांनी सहा कोरे तक्ते आखले आणि प्रत्येकावर गाडीचा क्रमांक घातला. पहिली गाडी पाच पस्तीसला सुटते. त्याआधी, सव्वापाचला, आगाराचं फाटक उघडतं आणि सहाही वाहक तिथे हजेरी लावतात.