सुरेखाची चार पानं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — पण रडत सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका. तोंड वाकडं करायचं असेल तर आत्ताच करून घ्या.

मी कोल्हापुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. पायथन ही भाषा, आणि तिच्यावर वेबसाइट उभी करायला जँगो. पहिला आठवडा नुसता हे सगळं मशिनवर बसवण्यात जातो. नीट बसलं की ब्राउझरमध्ये एक रॉकेट दिसतं, आणि पोरी टाळ्या वाजवतात. मी बरी शिकवते. नाही, चांगलीच शिकवते. खोटी नम्रता मला जमत नाही. फक्त एक होतं — मला हे सगळं विंडोजवरच यायचं. लॅबमधली सगळी मशिनं विंडोजचीच, मग विचारणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग सुरेखा आली. पस्तिशी ओलांडलेली, दोन पोरांची आई, हातकणंगल्याहून रोज एसटीनं यायची. दिरानं दिलेला जुना लॅपटॉप, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. घरच्यांनी तिला एका कोर्सपुरती मोकळीक दिली होती. संपेपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर घरी बसायचं. आणि आमच्याच क्लासला लॅब असिस्टंट हवी होती. शेवटच्या दिवशी क्लासचे मालक, म्हणजे सर, यांच्यासमोर जी आपल्या मशिनवर पहिल्यापासून सगळं बसवून रॉकेट दाखवेल, तिला ती जागा.

फळ्यावरच्या माझ्या पायऱ्या तिच्या लॅपटॉपवर चालेनात. "मॅडम, माझ्यात हुईना वो," ती म्हणाली. मला माहीत नाही — एवढे तीन शब्द तोंडातून निघायला काय हरकत होती? मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, तुझं मशिनच तसलं आहे, त्यात हे चालत नाही.

चार दिवसांनी तिनं चार पानं माझ्या हातात दिली. स्वतः शोधून, स्वतःच्या अक्षरात लिहिलेली. विंडोजवर काय करायचं, लिनक्सवर काय, मॅकवर काय, कुठली ओळ कुठं बदलते. चुकलं असेल तर सांगा, म्हणाली. रविवारी मी लॅबमधल्या एका जुन्या मशिनवर लिनक्स घातलं आणि पानं समोर ठेवून एकेक ओळ टाइप केली. पहिल्याच झटक्यात रॉकेट आलं. मला आनंद झाला? छे. जळफळाट झाला.

शेवटच्या दिवशी, परीक्षेत, सर तिच्या मागं उभे राहिले. सरांना पायथनमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिच्या ओळी फळ्याशी जुळत नाहीत हे त्यांना दिसलं. "मॅडम, ही बरोबर करतीय काय?"

बरोबर होतं. शेवटची ओळ लिहून झाली होती, एंटर तेवढं दाबायचं होतं. मी म्हणाले — चुकतंय.

तिनं माझ्याकडं पाहिलं. दाबलं असतं तर रॉकेट आलं असतं. पण मॅडमच चुकतंय म्हणाल्या — तिनं हात मागं घेतला. "ऱ्हाऊ द्या ताई," सर म्हणाले, "पुढचं कोण हाय, या." जागा दुसरीला गेली. सुरेखा घरी बसली, हे मला तिच्या गावच्या एका मुलीकडून कळलं.

घाबरले होते असं म्हणू? नव्हते. ती रोज माझ्या शेजारी बसली असती आणि मुली शंका घेऊन तिच्याकडं गेल्या असत्या. मला ते नको होतं.

तिची पानं मी आजही प्रत्येक बॅचला झेरॉक्स काढून वाटते. टाइप करून घेतलीत, वर माझं नाव आहे. मॅडम, तुमची पानं लई भारी, असं मुली म्हणतात आणि मी मान डोलावते. सोमवारी नवी बॅच आहे. तेव्हाही वाटणार आहे.

अजून एक राहिलं. परीक्षेच्या त्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून सुरेखा माझ्यापाशी आली. भांडली नाही, सरांचं नावही काढलं नाही. "माझी पानं तेवढी द्या की वो मॅडम," म्हणाली.

घरी राहिली, असं मी सांगितलं. ती बरं म्हणाली आणि एसटी धरायला गेली. पानं माझ्या पर्समध्ये होती.