ताईचे तोललेले छर्रे

मशीन ऑइलचा वास आला की नरपडचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. तिथे बसून ताई एअर रायफलला तेल द्यायची आणि तिचा एकेक छर्रा सोनाराच्या काट्यावर तोलायची. सारख्या वजनाचे डबीत ठेवायची, कमीजास्त वजनाचे वाटीत टाकायची. जिल्ह्याच्या निवडीच्या सकाळी आईच्या हातून डबी मोरीत सांडली, म्हणून तिने गुपचूप वाटीतले छर्रे डबीत भरले. हे ताईला संध्याकाळी डहाणूहून परतल्यावर कळलं. "पण आजच्यासारखा नेम माझा कधीच लागला नव्हता! निवड झालीय माझी," ती गोंधळून म्हणाली. "मग चांगलंच झालं की," आई म्हणाली. "अगं, मग मी वर्षभर काय तोलत बसले होते?" आईने तिच्या हातावर पेढा ठेवला. आता ताई मुलींना नेमबाजी शिकवते, छर्रे तोलायलाही लावते. का, ते विचारायचं मी टाळतो.