सतरा एकांचा भाजक

काकांना माणसांची नावं आठवत नसत, गाड्यांचे नंबर आठवत, तेही फोडलेले. माझी मैत्रीण आली नाही की विचारायचे, "ते स्कूटीवाली, सत्तेचाळीस गुणिले एकोणनव्वद, काहून आली नाही वं आज?"

आमचं घर उमरेडचं, विणकराचं. हातमाग बंद पडला आणि दहावी शिकलेले काका धंतोलीतल्या एका रुग्णालयात लिफ्टमन झाले. स्टुलावर बसून दिवसभर पेशंट वरखाली न्यायचे आणि मधल्या वेळात मांडीवरच्या वहीत भागाकार करायचे.

त्यांना वेड होतं नुसत्या एकांनी बनलेल्या आकड्यांचं. अकरा एकं ओळीने लिहिली तर त्या आकड्याला २१६४९ ने भाग जातो, हे त्यांनी स्वतः शोधलं. तेरा एकांना ५३ ने जातो, ७९ नेही. एकदा मला म्हणाले, "पाहून राहिली का? त्रेपन्नाले तेरानं भागलं का एक उरते. एकोणऐंशीलेबी एकच. अकरावाल्याचंबी तसंच." म्हणजे सतरा एकांचा भाजक हवा, तर सतराने भागून एक उरेल असेच आकडे तपासायचे. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. कौतुकाने एका प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. "हे सगळं पुस्तकात आहे," म्हणाले.

काका घरी येऊन खुशीत सांगत होते, "पुस्तकात आहे म्हणते. म्हणजे मी बरोबर आहो!"

बारा वर्षांत ते चौदा लाखांपर्यंत पोचले. भाजक सापडला नव्हता.

त्याच वर्षी मला मिहानमध्ये, एका सॉफ्टवेअर कंपनीत, नोकरी लागली. दिवाळीला सगळे जमले होते, आणि मला माझा लॅपटॉप दाखवायचा होता. मी सतरा एकं टाइप केली. बटणावरून बोट उचलायच्या आत उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं, "वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस!" चुलत भावंडांनी टाळ्या वाजवल्या.

काकांनी कागद घेतला आणि सगळ्यांसमोर भागाकार मांडला. बाकी शून्य. मग त्या आकड्याला सतराने भागलं. एक उरला. क्षणभर त्यांचा चेहरा फुलला, आणि लगेच विझला.

"अजून पाच-सहा वर्षं," ते म्हणाले. "पोचलोच असतो."

"वाचली ना काका, तेवढी मेहनत!" हेही मीच म्हणाले.

"मी तुले विचारलं होतं का वं?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

पुढे मी खूप प्रयत्न केले. एकोणीस एकं घ्या म्हटलं, मी तोंड उघडणार नाही. काका टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "तुह्या मशीनले माहीत असंनच." वह्या त्यांनी स्वतःच रद्दीवाल्याला दिल्या होत्या.

गेल्या वर्षी काका गेले. तेराव्याला मी काकूजवळ बसले होते. तिने मला दोष दिला नाही, माझ्या ताटात भाजी वाढता वाढता नुसतं सांगितलं, "पयले सकाळी उठले का मले म्हणे, लवकर चहा दे, मले काम आहे. त्या दिवाळीपासून त्यायले कशाची घाईच नाही राहिली वं."