म्हाताऱ्याच्या मांडीतला रॉड अन् माझ्या सदरच्या चकरा

म्हाताऱ्याच्या मांडीत ॲल्युमिनियम घालायचं ठरवलं, अन् मले कोणी विचारलंही नाही! ते तर भात शिजवायच्या भगोन्याचं, पडलं की पोचा येते. बांधावरून घसरून माझ्या नवऱ्याचं मांडीचं हाड मोडलं, तर डॉक्टर म्हणे टायटॅनियमचा रॉड टाकू. टाका. पण त्यात ॲल्युमिनियमची मिलावट काहून? मी दवाखान्यात "थांबा" कळवलं अन् पारशिवनीहून शहराकडे निघाली.

एसटीत बायकांले अर्धं तिकीट आहे, पण बसायले जागा मिळंलच असं नाही. कामठीपर्यंत रस्ता बरा, पुढे ट्रकच्या मागे ट्रक. उतरल्यावर ऑटोवाल्याशी आधी भाव ठरवा, मगच बसा. सदर भागातल्या त्या दवाखान्यासमोर तर्री-पोहे, म्हणजे पोह्यांवर चण्याचा तिखट रस्सा, झकास. दातांचा भरोसा नसंल तर चणे बाजूले काढा.

म्हातारा पायाले वजन बांधून पडला होता.

"काय वं, आज तरी करतेत का आपरेशन?"

"मिलावट काढल्याशिवाय नाही."

"मी सडून राहिलो ना इथं!"

डॉक्टर पोरगाच. म्हणाला, "आजी, शुद्ध टायटॅनियम नरम पडतं. बाबांच्या वजनानं वाकेल."

"धातू हाय का लोणी?"

त्यानं वैतागून त्याच धातूचा नमुन्याचा स्क्रू माझ्या हातावर ठेवला. "कोणालाही दाखवा. पण उद्या सकाळी हो-नाही सांगा. उशीर झाला तर पाय आखूड राहील."

मी तो स्क्रू घेऊन थेट जरीपटक्याच्या बाजारातल्या सोनाराकडे गेली. आमच्या घरचं सोनं त्याच्याच कसोटीवर घासते. त्यानं घासला, उलटून पाहिला. "माताजी, यह सोना नहीं है." एवढं तर मलेही दिसत होतं! भाडं वाया.

नात रश्मी तिथंच खोली घेऊन राहते, धातूंचंच शिकते. तिले बोलावलं, तर तिनं येऊन डोकंच धरलं.

"आजी, सोनाराले दाखवला?"

"मग कोणाले, हलवायाले?"

तिनं बाजारातच उभ्या-उभ्या सांगितलं. टायटॅनियमचे कण थंड असताना एका तऱ्हेनं बसते, खूप तापलं की दुसऱ्या. ॲल्युमिनियम पहिली बैठक पक्की करते, ताकद देते. त्यातच मिसळलेला आणखी एक धातू, व्हॅनेडियम, दुसरी बैठक थंड झाल्यावरही थोडी टिकवून धरते. दोन्ही बैठका असल्या की रॉड मजबूतही होते अन् पटकन तुटतही नाही.

"मग ॲल्युमिनियम अजून घाला ना!"

"जास्त झालं की ठिसूळ, आजी. अन् व्हॅनेडियम अंगात उतरायची भीती वाटते, म्हणून काही जण त्याच्या जागी नायोबियम नावाचा धातू घालते. काम तेच."

"हे आधी काहून नाही सांगितलं?"

"तू फोन उचलते कधी?"

सकाळी डॉक्टरले विचारलं, "नायोबियमवाला मिळते का?" त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मिळते म्हणाला. टाका म्हटलं.

आता घरी म्हातारा काठी घेऊन चौकापर्यंत जाते अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले मांडी ठोकून दाखवते. पाय आखूड नाही झाला. पण रश्मीनं नवीन किडा सोडला: रॉड हाडापेक्षा कडक, सारा भार तोच उचलते, हाड आळशी होते. नायोबियम भरपूर घातलेला, हाडासारखा लवचिक धातूही असते म्हणे, पण आमच्या वेळी कोणाजवळ नव्हता. मग हाड जुळल्यावर हा रॉड काढायचा का ठेवायचा? एक डॉक्टर काढा म्हणते, एक राहू द्या म्हणते, अन् म्हातारा रोज चहासोबत मलेच विचारते.

ज्यांनी असे रॉड टाकले अन् काढलेही, त्या हाडाच्या डॉक्टरांनीच खाली उत्तर लिहावं. बाकीच्यांनी नुसते लाइकचे अंगठे दाखवू नये.